वरकुट्याच्या लिंबावरच्या काठ्या

त्या गुरुवारी वरकुटे गावच्या कडुलिंबाला पानांपेक्षा काठ्याच जास्त दिसत होत्या. लकवा झालेला माणूस काठी टेकत आला की काठीमहाराज ती काठी फांदीला टांगायचे आणि त्याच्या कानात मंत्र फुंकायचे. तीनशे काठ्या म्हणजे तीनशे माणसं ठणठणीत, हा हिशेब इंदापूरपासून बारामतीपर्यंत सगळ्यांना पाठ होता. फाटकाबाहेर महाराजांच्या भाच्याचं नव्या काठ्यांचं दुकान होतं आणि तेही झकास चालायचं. बरी झालेली माणसं काठ्या विकत का घेतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

उत्कर्षाला सुचलं, कारण विचारणं हीच तिची नोकरी होती. बारामतीच्या एका दवाखान्यात लकव्यावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. डोकं दुखतं का, जीभ जड होते का, कुठून रक्त जातं का, हे ती प्रत्येक पेशंटला दिवसाआड फोन करून विचारायची. मागच्या महिन्यात एका बाईच्या डोक्यात रक्तस्राव झाला, तर कारण कळेपर्यंत डॉक्टरांनी नवे पेशंट घेणंच थांबवलं होतं.

काटेवाडीचे तिचे चुलते आबासाहेब याच चाचणीत होते. त्यांनी याचा भलताच अर्थ काढला. "ह्यांना सोताच्याच औषधाचा भरवसा न्हाय. सारखं इचारत्यात, काय झालं का म्हणून. म्हाराज बघ, कायबी इचारत न्हाईत."

महाराजांचा नियम होता, की काठी टांगली की सगळ्या गोळ्या बंद. चाचणी सोडायची तर खुशाल सोडा, तो तुमचा हक्क आहे, पण रक्तदाबाची गोळी सोडलीत तर दुसरा झटका येईल, असं उत्कर्षानं परोपरीनं सांगितलं. आबा ऐकेनात. तिला रडू यायचं तेवढं बाकी होतं. शेवटी तीही त्यांच्यासोबत वरकुट्याला आली.

"काठी म्हंजी लकव्याची मुळी," महाराज सांगत होते. "मुळी टांगली की लकवा वाळला. अमेरिकेत बी आता लिंबं लावायला घेतल्यात."

बरे न झालेले किती, असं उत्कर्षानं विचारलं. एकही नाही, आजवर कुणी तक्रार घेऊन आलं नाही, असं महाराज म्हणाले. हातपाय गेलेला माणूस तक्रार घेऊन येणार कसा, हा प्रश्न त्यांनी ऐकलाच नाही.

पंगतीत ताट हरवू नये म्हणून आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. काठ्यांवरही लोकांनी तशीच नावं रंगवली होती, काहींवर तर मोबाइल नंबरसुद्धा होता. उत्कर्षानं एक नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. त्या घरचा माणूस अजून अंथरुणात होता. काठी परत मिळेल का, एवढंच घरच्यांनी विचारलं. दुसऱ्या घरचा माणूस आठवड्यातच वारला होता. तिसरा मात्र चालत होता. महाराजांनी बंद केलेल्या गोळ्या त्याची बायको चहातून देत होती.

महाराज जराही डगमगले नाहीत. "वारला, मान्य. पर गेलेल्या मान्साला लकवा ऱ्हातो का?"

गर्दीतल्या दोघा-चौघांनी चक्क माना डोलावल्या.

मग त्यांनी घुंगरू बांधलेली एक काठी हलवली. "ही कोऱ्हाळ्याच्या संभाजीरावांची. नाचत घरी ग्येले."

आबांचा चेहरा उतरला. ते घुंगरू संभाजीरावांच्या बैलाचं होतं, आणि बैलबाजारात ते आबांनी आणि त्यांनी मिळून घेतलं होतं.

"दिवाळीत म्या त्येला खांदा दिलाय," आबा म्हणाले. "हितं आलता, ह्ये घरच्यांनी सांगितलं न्हाय."

महाराजांनी सवयीनं आबांच्या काठीकडे हात नेला. आबांनी काठी घट्ट धरली. तेवढ्यात एका म्हातारीनं आपली काठी फांदीवरून ओढली, आणि मग जो तो आपलं नाव शोधायला लागला. काठ्या हातात घेता घेता सगळ्यांना उमगलं. काठी माणूस आला त्या दिवशीच टांगली जायची. झाडावर दिसत होतं ते आले किती, बरे झाले किती ते नव्हे. काठीवाचून अडलेली माणसं बाहेर भाच्याकडून नवी घेत होती.

औषध डॉक्टरचं असो की महाराजाचं, बरे झालेले सगळेच मोजून दाखवतात. बरे न झालेल्यांचं काय झालं, हे आपण आधी विचारावं. तो हिशेब जो ठेवत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नये.

दुसऱ्या दिवशी उत्कर्षानं नेहमीसारखा फोन केला. डोकं दुखतंय का, विचारलं.

"न्हाय," आबा म्हणाले. "फुडचं इचार."