उत्तम प्रतीची साल

तोताराम आबांच्या बागेतलं केळं अख्ख्या रावेर तालुक्यात नावाजलेलं. आणि असा माणूस जळगावच्या एका साडीच्या दुकानात, भर लग्नसराईत, जिन्यावर पडलेल्या केळीच्या सालीवरून घसरला. मोडलेलं मनगट दीड महिन्यात जुळलं. पण गावाने त्यांना ‘घसरेआबा’ म्हणायला सुरुवात केली, ते काही सुटेना. लोकांना काय, आयतंच कोलीत मिळालं.

आबांचा पुतण्या योगराज जळगावला वकील. दुकानाने जिना झाडला नाही, सबब भरपाई द्यावी, असा दावा त्याने ग्राहक मंचात लावला. आबांना पैशांची हाव नव्हती. ‘चूक दुकानाची’ असं लिहिलेला शिक्क्याचा कागद तेवढा हवा होता. तो चावडीवर वाचून दाखवला की घसरेआबा हे नाव कायमचं मिटेल, असा त्यांचा हिशेब.

“काका, विचारलं तेवढंच बोला,” योगराजने बजावलं. सुनंदाकाकूंनी नुसताच सुस्कारा सोडला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना जे जमलं नव्हतं, ते हा पोरगा एका सकाळीत करायला निघाला होता.

सुनावणी मात्र मनासारखी चालली. “जिना दुकानाचा, मग झाडायचा कुणी?” अध्यक्षांनीच दुकानाच्या वकीलबाईंना विचारलं. दावा जिंकल्यात जमा होता.

वकीलबाईंनी शेवटचा प्रयत्न म्हणून एक फोटो पुढे केला. आबा पडले तेव्हा काकूंनीच मोबाइलवर काढलेला, योगराजनेच दाव्याला जोडलेला, सालीचा. “साहेब, कुठल्यातरी हातगाडीवरचं हलकं, काळं पडलेलं केळं आहे हे. कुणी येताजाता टाकलं असेल.”

आबांनी तो फोटो आज पहिल्यांदाच नीट पाहिला, आणि सकाळपासून जपून वापरलेली शहरी भाषा तिथेच संपली.

“हलकं? बाई, डोये उघडून पाहा. कायी कुठी हाये ही साल? एवढं लांब केयं मह्याच बागात होते.”

योगराजने सदरा ओढला. पण आबा खाली बसतील तर शपथ. त्यांनी पिशवीतून केळ्यांची भलीमोठी फणी काढून अध्यक्षांपुढे ठेवली. “खाऊन पाहा साहेब. आपुन कोनाच्या दारी रिकाम्या हाती जात नाही.”

वकीलबाई गोड हसल्या. “मग त्या दिवशी दुकानातही नेली असेल?”

“नेली ना. मालक हात लावीना. मंग मीच एक खाऊन दाखोलं त्याले.”

“आणि साल?”

आबांनी काकूंकडे पाहिलं. काकू छताच्या पंख्याकडे पाहत होत्या. आबांना आत्ता कुठे आठवलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

दावा फेटाळला गेला. योगराजने मान खाली घालून निकाल वाचला: “तक्रारदार हे स्वतःच टाकलेल्या, स्वतःच्या बागेतील उत्तम प्रतीच्या केळ्याच्या सालीवरून घसरले.”

“मधलं पुन्हा वाच,” आबा म्हणाले.

तो कागद आज ओसरीवर फ्रेममध्ये लटकतो आहे. आबांनी तो चावडीवरही वाचला, आणि गाव पोट धरधरून हसलं. घसरेआबा हे नाव काही मिटलं नाही. फक्त लोक आता पुरतं नाव घेतात, उत्तम प्रतीचे घसरेआबा, आणि आबा लगेच ओ देतात.