चटई उचलल्यावर

याकोपोने माझ्या मुलीच्या फोनमधून काय चोरलं ते मी पाहिलेलं नाही. गावात हे खरं मानणारी माणसं फार नाहीत, पण त्याचंही मला आता काही वाटेनासं झालंय. माझ्या वाईतुलियाने तो व्हिडिओ स्वतःच्या नवऱ्यासाठी केला होता. तानिएलू ऑस्ट्रेलियात संत्री तोडायला जातो, वर्षातला बराचसा काळ तिकडेच असतो. लांब राहणाऱ्या नवऱ्याला बायकोने काही पाठवलं तर त्यात दुसऱ्या कुणाच्या बापाचं काय जातं? पुढे फोन हातातून पडला आणि काच फुटली, म्हणून तिने तो बंदराजवळच्या बाजारात याकोपोच्या टपरीवर दुरुस्तीला टाकला. काच अगदी झकास बसवून मिळाली. आणि आठवड्याच्या आत तो व्हिडिओ अख्ख्या बेटावर फिरून आला.

तानिएलूला तो तिकडे दाखवला त्याच्याच खोलीत झोपणाऱ्या, आमच्याच गावच्या पोरांनी. त्यातल्या दोघांना मी लहानपणी कडेवर घेतलेलं आहे.

"मी फक्त एकाच मित्राला पाठवला होता," असं याकोपो म्हणाला. ज्याला विचारावं तो हेच सांगत होता. प्रत्येकाने फक्त एकालाच पाठवला होता.

माझा भाऊ आसोमुआ आमच्या घराण्याचा मताई आहे, म्हणजे घरातला शेवटचा शब्द त्याचा. मी त्याला म्हटलं, पोलिसांत जाऊ या. तो म्हणाला, "जाऊ की. पुरावा म्हणून आधी चौकीतले सगळे बघतील, मग त्यांचा साहेब बघेल. चालेल तुला?"

आमच्या घराला भिंती नाहीत. खांब आहेत, वर छप्पर आहे, वाऱ्यापावसात खाली सोडायचे झावळ्यांचे पडदे आहेत. रस्त्याने जाणाऱ्याला आत कोण जेवतंय, कोण भांडतंय, कोण उताणं झोपलंय ते सगळं दिसतं, आणि म्हणूनच शहाण्या घरातल्या पोरांना चालायला लागल्यापासून दुसऱ्याच्या घरात न बघायला शिकवतात. मी या घरात जन्मले, नवराही लग्नानंतर इथेच राहायला आला, मी चार बाळंतपणं केली, नवऱ्याचं आजारपण काढलं, त्याला इथूनच उचलून नेलं. कधी कुणी नजर टाकली नाही. आणि आता माझी शिकलेली, शाळेत मास्तरीण असलेली मुलगी घरातल्या एका कोपऱ्यात चादरी टांगून त्यांच्या आड पडून होती. शाळा बंद, प्रार्थना बंद. आंघोळसुद्धा अंगावर दोन-दोन लावालावे, म्हणजे लुंगीसारखी वस्त्रं, गुंडाळून करायची.

तानिएलू तिला फोन करत नव्हता. तो आसोमुआला करायचा.

"मामा, गावात हे रीतसर मिटवा. मिटलं की हंगाम संपल्यावर मी घरी येतो, आणि पुन्हा त्यावर शब्द काढणार नाही. पण मिटलं नाही तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही."

"तुझं तोंड कुठे दिसलंय त्यात?" मी शेजारून ओरडले. आसोमुआने फोन दुसऱ्या कानाला लावला.

रीतसर मिटवणं म्हणजे इफोंगा. ज्याने अपराध केला त्याच्या घराण्याचा मताई पहाटे येऊन अंगणात बसतो, डोक्यावरून आपल्या घरातली सगळ्यांत मानाची चटई पांघरतो. पुढ्यात जमिनीतल्या भट्टीचे दगड आणि सरपण मांडतात, की बाबांनो, आम्हाला भट्टीत घातलंत तरी आमची तक्रार नाही. ज्यांचं वाईट झालं त्यांनी वाटेल तेवढा वेळ त्याला तसंच ठेवावं, पण चटई उचलली की मिटलं. त्यानंतर त्या गोष्टीचं नाव काढेल त्याला गाव जाब विचारतं. माझ्या आजोबांच्या वेळी याने खून मिटलेले आहेत. तेव्हा हेही मिटेल असं मला वाटलं. माझ्या मुलीचा संसार त्या एका चटईवर येऊन ठेपला होता.

ते शुक्रवारी आले. मी चूल पेटवायला उठले तर अंगणातल्या हिरवळीवर चटईचा उंचवटा दिसला. मी कोपऱ्यातल्या चादरीपाशी जाऊन बसले.

"आले?" आतून वाईतुलियाने विचारलं. ती जागीच होती.

"आले. चटईखाली त्यांचा म्हातारा मताई आहे. मागे सगळं खानदान."

"तो?"

"आहे. मान छातीत खुपसून बसलाय."

"बसू दे."

बसू दिलं. ऊन हिरवळीवर आलं, मग खांबांवर चढलं. आसोमुआ आपला मांडी घालून समोर बघत बसलेला. या बाबतीत त्याच्यासारखा चिवट माणूस नाही. पण चटईतून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू यायला लागला तेव्हा तोही चुळबुळला.

"वाईतुलिया," मी म्हटलं, "म्हातारा तिथेच आडवा झाला तर आपल्यालाच जाऊन बसावं लागेल त्यांच्या दारात."

ती आत उठून बसली. मग ती म्हणाली, "मामाला सांग, उचल."

"मनापासून?"

"आई, मन वगैरे काही राहिलेलं नाही. मी थकलेय. उचला आणि मला शाळेत जाऊ द्या."

आसोमुआने जाऊन चटई उचलली. म्हातारा रडला, आसोमुआ रडला, मागचं खानदान तर वाटच बघत होतं. त्यांना आत घेतलं, भाषणं झाली. मी कोको उकळला, तारोचे उकडलेले कंद आणि नारळाच्या दुधात शिजवलेली पालुसामीची पानं वाढली. आणि चादर बाजूला करून वाईतुलिया बाहेर आली. केस विंचरलेले, शाळेचा निळा पोशाख घातलेला. ती सगळ्यांच्या देखत बसली आणि जेवली. मी तिच्या पानात पुन्हा वाढलं, तेही तिने संपवलं. कितीतरी दिवसांनी मला माझा श्वास पुरला.

याकोपो सरपटत तिच्यापुढे आला.

"काच चांगली बसवतोस," ती म्हणाली. "तेवढीच बसवत जा."

म्हाताराही हसला. हसू आलं म्हणजे खरंच मिटलं, असं मी मनात म्हटलं. मूर्ख बाई मी!

याकोपोची आत्या फुआतिनो खांबाला टेकून बसली होती. आईविना त्या पोराला तिनेच वाढवलं. फुआतिनो आणि मी एका ओळीत उभ्या राहून चर्चमध्ये गातो, एका छपराखाली चटया विणतो. बाई मनाने लोण्यासारखी, पण तोंडाला आणि हाताला विश्रांती नाही. तेव्हाही डोळे पुसत ती मला म्हणाली, "फोलोले, ऑकलंडच्या सगळ्या रडतायत गं. माझी बहीण म्हणते, वाईतुलियाला आमचं प्रेम सांगा."

"कुठली बहीण? कशाबद्दल रडतायत?"

"अगं, लाईव्ह आहे ना! पहाटेपासून." तिने मांडीवरचा फोन माझ्याकडे वळवला. त्यात माझं घर होतं. माझे खांब, माझी कोकोची किटली, आणि निळ्या पोशाखात जेवणारी माझी मुलगी. "चटई तिकडून आली ना, बहिणीने पाठवली. तिकडच्यांना येणं जमत नाही, मग त्यांनाही वाटतं की घराण्याने मान तुकवली ती आपण बघावी. आपणही त्यात बसलो असं व्हावं. वरती लिहिलंय मी नीट, आमच्या याकोपोच्या चुकीबद्दल वाईतुलियाच्या घरी इफोंगा म्हणून. किती माणसं बघतायत बघ. ब्रिस्बेनहून, हवाईहून..."

तिचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. दूर असलेल्यांनाही माफी मागायची होती म्हणून तिने फोन धरला. आमच्या लोकांशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही.

"बंद कर," आसोमुआ म्हणाला.

"करते, करते. हे एक वाचते फक्त. हा कोण आहे कुणास ठाऊक, विचारतोय, पोराने काय केलं होतं? आणि त्याच्याखाली कुणीतरी व्हिडिओ टाकलाय..."

तिने त्यावर बोट दाबलं आणि ती थांबली. माणसाचा चेहरा एवढा झरझर उतरताना मी पाहिला नव्हता. तिने फोन चटईवर पालथा टाकला आणि त्यावर दोन्ही हात दाबून धरले, उंदीर सापडल्यासारखे. पण आतला आवाज चालूच होता. आवाज माझ्या मुलीचा होता. ती तानिएलूचं नाव घेत होती.

याकोपोने फोन ओढून घेऊन बंद केला. तेवढं त्याला येत होतं. बाकी ज्याने त्याने जमिनीवर अंथरलेल्या खड्यांकडे पाहिलं. रीतच आहे ती आमची. पण तिकडे बघणाऱ्यांना कोण शिकवणार?

वाईतुलियाने पान बाजूला सारलं, हात धुतले, आणि ती चादरीआड निघून गेली.

तानिएलूचा फोन दुपारी आला, आणि या वेळी तिलाच आला. मी चादरीबाहेर बसून ऐकलं. ऐकायला काही नव्हतंच. "हो," ती म्हणत होती. "हो. नाही. कळतंय मला. बरं."

"काय म्हणाला?"

"त्यांच्या बागेत सगळे जण लाईव्ह बघत होते. टोंगाचे, फिजीचे, ज्यांना आजवर काही माहीत नव्हतं तेसुद्धा. आता त्यांनाही माहीत झालं." तिने फोन माझ्या हातात दिला. "पुढचा हंगामही तिकडेच करतोय म्हणाला. दूरच्या एका बागेत, जिथे आपल्याकडचं कुणीच नाही तिथे."

"म्हणजे येत नाही?"

"आई, त्याने शिवी दिली असती तरी बरं होतं. तो नुसता दमलेला वाटत होता."

मीही दमले होते. ज्याचा राग करावा तो दारात येऊन मान खाली घालून गेला होता, आणि जे खरे बघत होते ते कुठे बसले आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी आसोमुआ म्हणाला, "आपण उचलली होती, फोलोले. आपल्याकडून मिटलंय." मी म्हटलं, "हो रे बाबा. आपल्याकडून मिटलंय."

पुढच्या आठवड्यात फुआतिनो पुन्हा आली. एकटी. भर दुपारी, सोबत ना मताई, ना घराण्याच्या वतीने बोलणारा वक्ता, ना दगड ना लाकूड. स्वतः विणलेली चटई डोक्यावर ओढून ती हिरवळीच्या मधोमध बसली.

आसोमुआ उखडलाच. "याला इफोंगा म्हणतात होय? बाईमाणसाने वाटेल तेव्हा यायचं आणि वाटेल तिथे बसायचं? पोरखेळ लावलाय!"

मी उन्हात गेले आणि चटईशी वाकले. "फुआतिनो, ऊठ. तुला रक्तदाब आहे."

"उठत नाही," चटईतून आवाज आला.

"बये, किती चटया आहेत तुझ्या घरात? ज्यांनी ज्यांनी बघितलं त्या प्रत्येकाने एकेक आणली, तर विणायला बेटावर पानं पुरायची नाहीत."

"मला माझी एक आणू दे, फोलोले." आणि ती हमसून रडायला लागली. आत फार उकडत असणार.

मला तिची दयाही आली आणि तिला दोन द्याव्याशाही वाटल्या. मी परत घरात येऊन बसले. उचलायचा माझ्यात जीव नव्हता. एकदा उचलून काय मिळालं होतं?

तेवढ्यात बंदराकडून येणारी बस गावाशी मंद झाली. हिरवळीवर चटई दिसली तशी ड्रायव्हरने बस थांबवलीच. पूर्वी अशा वेळी लोक माना दुसरीकडे वळवायचे. बसच्या खिडक्यांतून हात बाहेर आले. दोन-तीन हातांत फोन होते.

चादर हलली. वाईतुलिया बाहेर आली आणि पायरी उतरली. मला वाटलं, आता ही बसवर दगड घेऊन धावते, आणि खरं सांगते, मी तिला अडवणार नव्हते. पण तिने बसकडे पाहिलंसुद्धा नाही. ती चटईपाशी गेली, गुडघ्यांवर बसली, चटईची कड वर केली आणि आत शिरली. कड तिने आतून ओढून घेतली. फुआतिनोचं रडणं थांबलं. हिरवळीवर आता एकाच्या जागी दोन उंचवटे होते.

बस बराच वेळ तशीच उभी होती. मग हात आत गेले आणि ती निघाली.

आसोमुआ उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. त्याच्या सगळ्या आयुष्यात, सगळ्या भाषणांत, असलं काही बसत नव्हतं. "आता ही कुणी उचलायची?" त्याने विचारलं. "ज्यांचं वाईट झालं त्यांच्या घरच्यांनी उचलायची असते. म्हणजे तूच. जा, उचल."

"नको," मी म्हटलं. "तिथे तिला कुणी बघत नाहीये."