एकाचं पथ्य, पाचांची पानं

त्या घरात तेलाचा डबा स्वयंपाकघरात नसे. तो सासऱ्यांच्या कपाटात असे, औषधांशेजारी. रोज सकाळी सून वाटी घेऊन जाई आणि सासरे खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून दोन टोपणं तेल ओतत. पाच माणसांचं, दोन्ही वेळचं.

सासरे वाईट नव्हते, हे आधी सांगायला हवं. वजनकाटे तपासण्यात उभा जन्म गेलेला. दोन वर्षांपूर्वी हृदयाचा झटका आला आणि माणूस मरणाला भ्याला. डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला तो त्यांच्यापुरता. पण कर्त्या पुरुषाच्या पानात जे नाही, ते इतरांनी कसं खावं? सासूबाईंनी त्याच दिवसापासून सगळ्यांची भाजी उकडायला घेतली. पाहुणे म्हणाले, "घर असावं तर असं!" झालं. कौतुकाची कडी एकदा बाहेरून लागली, की दार आतून उघडत नाही.

सुनेची लेक चिमणी चौदा महिन्यांची. दवाखान्यातल्या नर्सताईंनी तिला वजनाला ठेवलं, कार्ड पाहिलं.

"तीन महिने काटा जागचा हलला नाही हो. खात नाही का?"

"खाते की. भात, डाळ, भाजी. मागून मागून खाते."

"त्यात तेल?"

सून चाचरली. "आमच्याकडे पथ्य आहे."

"कुणाला, हिला?" नर्सताई हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "अहो, आजोबांचं पथ्य आजोबांना! एवढ्याशा पोटात भात मावून मावणार किती? थोड्या घासात ताकद हवी, तर दर जेवणात चमचाभर तेल घाला. अशीच राहिली तर मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल."

घरी नवरा बुटाची नाडी सोडत म्हणाला, "आत्ता बाबांशी वाद नको. त्यांना काही झालं म्हणजे?"

सासरे म्हणाले, "आपल्या घराण्यात हृदय कच्चं. आत्तापासून सवय लागली तर तिचंच भलं." आणि कपाटाची किल्ली खिशात गेली.

मारझोड असती तर शेजारी तरी धावले असते. पथ्याविरुद्ध फिर्याद कुणाकडे करायची?

तिने तेलाची पिशवी आणून लंगोटांच्या घडीखाली लपवली. जेवणाआधी चिमणीला न्हाणीघरात नेऊन ती भरवू लागली. बाहेर खोकला ऐकू आला की वाटी पदराखाली. पोटच्या पोरीचा घास, आणि हात चोराचे!

चौथ्या दिवशी दार ढकललं गेलं. सासूबाई! पिशवी समोरच होती. सून थिजली.

सासूबाईंनी आतून कडी लावली आणि उपड्या बादलीवर बसल्या.

"मलाही दे गं एक घास." आवाज अगदी बारीक. "दहा वाजले की हातपाय गळतात बघ. बोलायचं कुणाला? म्हणतील, नवऱ्याच्या जिवापेक्षा हिची जीभ मोठी."

सुनेला आधी हसू आलं, मग हुंदका. साठीची बाई, स्वतःच्या घरात, बादलीवर बसून घास मागत होती.

"इथे नाही, आई. चला."

तिने पिशवी जेवणाच्या टेबलावर आणली. सासऱ्यांचं पान बिनतेलाचं, नेहमीच्याच निगुतीने वाढलं. मग चिमणीच्या भातावर चमचाभर तेल घातलं. मग सासूबाईंच्या.

सासऱ्यांचा हात छातीशी गेला. नवरा ताडकन उठला.

"बाबा, दुखतंय का?" तिने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. "दुखत असेल तर आत्ता गाडी बोलावते. राग आला असेल, तर तिला जेवू द्या."

चिमणीचे मचमच आवाज तेवढे चालू होते. सासरे तिच्या काडीसारख्या मनगटाकडे बघत राहिले, काट्याकडे बघावं तसे. हात हळूहळू खाली आला.

"दुखत नाही," ते पुटपुटले.

"मग बस रे," सासूबाई मुलाला म्हणाल्या, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या आधी घास घेतला.