कॅमेऱ्याची टोपी

आईच्या खोलीत कॅमेरा हवाच, हा हट्ट धाकट्याचा. थोरलीला तो पटला नव्हता, पण आईला वृद्धाश्रमात ठेवायचं तिनेच ठरवलेलं, तेव्हा कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? मांडीचं हाड मोडल्यापासून आई अंथरुणाला खिळलेली. शिवणाचं दुकान सांभाळून तिला एकटीनं उचलणं-बसवणं जमेना. धाकटा राहायला लांब. दोन दिवस आला, भिंतीवर कॅमेरा लावला आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाला, "आता मी चोवीस तास तुझ्याजवळ. सारखा बघतोय बरं का!" आई केवढी खूश झाली.

आश्रमाच्या नियमानं कॅमेऱ्याला आवाज नव्हता, नुसतं चित्र. थोरली मशीनला फोन टेकवून काजं करता करता बघायची. धाकटा ऑफिसात दुसरं काही करत होता की नाही, देव जाणे. नवव्या दिवशी त्याचा फोन आला तो तणतणतच.

"ताई, ती आया बघितलीस? रोज पाण्याचं भांडं घेऊन येते, दोन मिनिटं हातवारे करते आणि भांडं घेऊन चालती होते! नऊ दिवस आईचं अंग पुसलेलं नाही. पाठ सोलवटलीय म्हणे."

"तिला विचारलंस का?"

"विचारलं. म्हणे, आजीच नको म्हणतात. कामचुकारांची ठरलेली उत्तरं! मी तक्रार केलीय. उद्या काढतायत तिला."

थोरलीला हे काही पचेना. कॅमेऱ्याआधी हीच आया आईला रोज लख्ख पुसून, वेणी घालून बसवायची. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती आश्रमात गेली. आया दारातच उभी, डोळे सुजलेले. "ताई, हात जोडले मी त्यांना. अंगाला हात लावू देत नाहीत."

थोरली आईजवळ बसली. "का गं, का नको म्हणतेस?"

आईनं भिंतीकडे चोरून पाहिलं. "तो बघतोय ना."

"कोण?"

"कोण काय? तुझा भाऊ! एवढ्या घोड्यासमोर कपडे काढू मी? डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

नऊ दिवस दोघं डोळे ताणून बघत होते आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. "मग कॅमेरा काढा म्हणायचं की."

"कशाला? एवढ्या कामातून वेळ काढतो पोरगा."

थोरलीनं बाहेर जाऊन धाकट्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "असं असेल तरी त्या आयानं नीट सांगायला नको?" अस्सा राग आला तिला! पण फोन तसाच चालू ठेवून ती आत आली. पर्समध्ये जाड कापडाचा तुकडा होता, सुई-दोरा तर कायमचाच. दहा मिनिटांत कॅमेऱ्याला टोपी झाली. आयानं खुर्चीवर चढून ती घातली. आईनं दोनदा खात्री करून घेतली आणि मगच पदर सोडला. पाठ बघून थोरलीला रडू आलं. आया मात्र हलक्या हातानं पुसत राहिली.

कपडे बदलून झाल्यावर आई म्हणाली, "आता काढा ती टोपी. जेवण आलं."

टोपी निघाली. आईनं पहिला घास हातात धरला, कॅमेऱ्याकडे बघून मोठ्यानं विचारलं, "जेवलास का रे?" आणि वाट बघत थांबली.

"हो आजी, जेवले म्हणतात," आया म्हणाली. मग आईनं घास तोंडात घातला.

"हे काय?" थोरलीनं हळूच विचारलं.

"रोज विचारतात. उत्तर आल्याशिवाय घास घेत नाहीत. मग मीच सांगते."

थोरलीनं फोन कानाला लावला. "ऐकलंस?"

"ऐकलं. तक्रार आत्ताच्या आत्ता मागे घेतो. त्या बाईंशीही बोलतो."

"ते करच. आधी सांग, जेवलास का? आई विचारतेय."

"नाही गं," धाकटा म्हणाला, "अजून नाही."