घर सोडणारीचा विषय

नाझनीन मॅडमनी यंदा निबंधाचे विषय चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकले, त्याला कारण कॉलेजसमोरचं झेरॉक्सचं दुकान. शेवगावातल्या त्या दुकानात शेवटच्या वर्षाच्या कादंबरीवरचे निबंध तयार मिळत. 'नायिकेच्या सासूचे व्यक्तिचित्र' तर इतकं खपलेलं, की त्याचं पहिलं वाक्य, 'सासू म्हणजे संसाराचा कणा', मॅडमना झोपेतही म्हणता आलं असतं. विषय निवडायला सांगितलं की अर्धा वर्ग सासूच निवडायचा. म्हणून डबा, चिठ्ठ्या, आणि एक मुद्दाम नवा विषय: 'नायिकेने घर सोडले ते योग्य की अयोग्य?'

कादंबरी जुनी, शंभरी गाठलेली. तिच्यातली बाई एका पहाटे नेसत्या लुगड्यानिशी घराबाहेर पडते आणि कुठे जाते ते शेवटपर्यंत कळत नाही. हा भाग शिकवताना मॅडमचा आवाज चढायचा. पण चिठ्ठी डब्यात टाकल्यावर ती परत काढावी की काय, असं त्यांनाच वाटून गेलं. तासिका तत्त्वावरची नोकरी, दर वर्षी नव्याने मुलाखत. त्यात मुसलमानाची बाई मराठी शिकवते म्हणून चार लोकांचं लक्ष जरा जास्तच.

ती चिठ्ठी निघाली सविताला. दुकानात मिळणार नाही म्हटल्यावर तिने तोंड वाकडं केलं. रेश्माला सासू आली होती. तिने आपली सासू सविताला देऊन टाकली आणि घर सोडणारी मागून घेतली. अदलाबदल करायची नाही असं बजावलेलं असूनही मॅडमनी काणाडोळा केला, कारण पुस्तक खरोखर वाचून येणारी वर्गात ही एवढी एकच पोरगी होती.

तास सुटल्यावर रेश्मा टेबलाशी आली. "मॅडम, ती जाताना काहीच नेत नाही का? आणि आदल्या दिवशी कुणाला काही बोलते का?"

"काही नेत नाही. कुणाला बोलत नाही," मॅडम म्हणाल्या. रेश्माने मान हलवली आणि निघून गेली.

मग मॅडमना आठवलं, हिचं लग्न ठरलंय. सुपारी फुटली तेव्हा पेढा द्यायला आली होती. 'बी.ए. पूर्ण करू देणार असाल तरच,' असं मी पाहुण्यांच्या तोंडावर म्हणाले, असं हसत सांगत होती. आताशा मात्र हसत नाही. झालं! मन चिंती ते वैरी न चिंती. पुढचा आठवडाभर मॅडमनी भाकरी थापताना, स्कूटी चालवताना तोच एक प्रश्न घोळवला: पोरीने विषय निवडलाय की बेत सांगितलाय? उद्या ही खरंच निघून गेली तर? पोरीचं काय होईल ही काळजी होतीच, पण 'बाईनंच शिकवलं' म्हणतील ही भीतीही होती. दोन्हींतली मोठी कुठली, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

निबंध द्यायच्या दिवशी रेश्मा आली नाही. तीन वर्षांत कधी न चुकलेली पोरगी. फोन लावला तर बंद. सविताला विचारलं तर तिने खांदे उडवले. मॅडमनी कॉलेजच्या रजिस्टरातून रेश्माच्या आईचा, छबूबाईंचा नंबर काढला आणि तिथेच व्हरांड्यात उभ्या राहून लावला.

पलीकडे भलता गलबला. "कोन बोलतंय? काय ऐकू यीना, थांबा," असं छबूबाई म्हणाल्या आणि आवाज एकदम मोकळा झाला.

"मी कॉलेजातून नाझनीन मॅडम. रेश्मा कुठंय? लक्ष ठेवा हो तिच्यावर. घर सोडून जायचं काय काय विचारत होती ती मला. मला भीती वाटते, पोरगी मनाविरुद्ध..."

गलबला थांबला. अगदी थांबलाच.

"रेश्मा हितंच हाय," छबूबाई हळू म्हणाल्या. "नगरला बस्त्याला आलोय आमी. शालू बघतीय ती."

तेवढ्यात दुसऱ्या बाईचा ठसकेबाज आवाज आला, "घर सोडून? कोन चाललंय घर सोडून?" ती वरमाय होती, कडूबाई. बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं एकाच गादीवर बसलेली, मध्ये साड्यांचा ढीग, आणि त्या ढिगावर छबूबाईंनी फोन स्पीकरवर ठेवलेला.

मॅडमनी समजावलं, तो निबंध आहे, पुस्तकातली बाई आहे, माझीच चूक झाली. पण सुटलेला शब्द काही माघारी येत नाही. लग्न मोडलं नाही. फक्त अलीकडे ओढलं, आणि कडूबाईंनी सांगून टाकलं, "कालेज बास आता. परिक्षा न्हाई नि काय न्हाई." मॅडमनी पुढे छबूबाईंना चार वेळा फोन केला, चारही वेळा कुणी उचलला नाही.

नंतरच्या सोमवारी रेश्मा आली. बरोबर छबूबाई. त्या वर्गाच्या दाराशीच थांबल्या, पोरीवरची नजर न हलवता. रेश्माने टेबलावर निबंध ठेवला. वर ठळक अक्षरात: 'नायिकेच्या सासूचे व्यक्तिचित्र'. खाली पहिलं वाक्य: 'सासू म्हणजे संसाराचा कणा.'

"विषय बदललाय, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही सासूबाईंना फोन करून तेवढं सांगा ना. मग परीक्षेला बसू देतील कदाचित."

मॅडमना शरमेने वर बघवेना. "आणि तो पहिला? लिहिला होतास?"

"लिहिला होता. तिचं चुकलं, असं लिहिलं होतं."

"चुकलं?"

"हो. न बोलता गेली ना ती. आधी बोलून बघायचं, आपली अट सांगायची. मी सांगितली, त्यांनी ऐकली. मी माझंच उदाहरण दिलं होतं शेवटी."

मॅडम ताडकन उठल्या. "तोच दे मला! मी स्वतः जाते, कडूबाईंना वाचून दाखवते."

रेश्माने दाराकडे पाहिलं. छबूबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"बस्त्याहून आल्या आल्या आईने चुलीत घातला, मॅडम," रेश्मा म्हणाली. "वरचा विषय तेवढा वाचला तिने."