रस्त्याकडची भिंत

थोरलीला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. तिच्या खुर्चीत खिळे आहेत, असं ऑफिसातले लोक म्हणत. जुन्या दगडी घरांची पाहणी करायची हे तिचं काम, आणि ते काम पायांचंच. डोंगरउतारावरचं एक अख्खं गाव तिने धडपडून संरक्षित करून घेतलं होतं. दगडाला दगड भिडवून बांधलेल्या जाडजूड भिंती, दगडी पाट्यांची छपरं, आणि रस्त्याच्या अंगाला दाराखेरीज काही नाही. नियमही तिनेच लिहिला: रस्त्याकडच्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही.

त्याच गावात तिची धाकटी बहीण नांदत होती. धाकटीचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन. वयाबरोबर त्याची नजर उतरली होती. दिव्याच्या उजेडात त्याला निळं आणि काळं एकच दिसे. मग शिवण उसवा, पुन्हा घाला. त्याने भिंतीत खिडकी मागितली. समोरच्या पाववाल्यानेही मागितली होती आणि थोरलीने त्याला नाही म्हटलं होतं. आता मेहुण्याला हो म्हटलं असतं, तर गावाने तोंडात शेण घातलं असतं.

"भावजी, नियम म्हणजे नियम. उद्या सगळेच फोडत बसतील."

"सगळ्यांचं कशाला सांगता, ताई? एकदा दुपारी या आणि माझ्या खुर्चीत बसून बघा."

"येईन," थोरली म्हणाली, पण गेली नाही. त्या दिवसापासून तिचं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. जेवताना उठायची, फोन बघायची, परत ठेवायची. धाकटीचा फोन येणंच बंद झालं होतं.

आला तो एका सकाळी, ऐन मीटिंगमध्ये.

"ताई, यांनी पहार घेतलीय हातात. माझं ऐकत नाहीत. तू ये."

थोरली तशीच उठली. बसमध्ये जागा रिकामी असूनही दांडा धरून उभी राहिली. उतरल्यावर चढ जवळजवळ पळतच चढली.

दारातूनच पांढरी धूळ बाहेर येत होती. मशीनवर, कापडांवर, मेहुण्याच्या भुवयांवर धूळ. तो पहार घेऊन उभा होता, पण हात खाली पडले होते. असली भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात. आत एक, बाहेर एक, मध्ये बारीक दगड आणि मातीचा भराव, आणि दोघींना धरून ठेवायला अधूनमधून आडवे घातलेले लांब दगड. मेहुण्याने नेमका तसाच एक दगड उपसला होता. फाटक्या पोत्यातून धान्य सांडावं तसा भराव सांडत होता. बाहेरची बाजू रस्त्याकडे पोट काढून उभी होती, आणि वरच्या मजल्याच्या तुळया याच भिंतीत टेकलेल्या.

"धाकटी कुठाय?"

"वर." त्याने पहारीनेच छताकडे दाखवलं. "गिऱ्हाइकांचे कपडे आणायला गेली."

"हलू नकोस गं!" थोरली वर बघून ओरडली. "मागच्या भिंतीला चिकटून उभी राहा! भावजी, कापायचं टेबल धरा. उभं करा. तुळईखाली!"

टेबल उभं केलं, तरी वीतभर कमी पडलं. तेवढ्यात आवाज ऐकून पाववाला आला. त्याने एक नजर टाकली आणि उलट पावली पळाला. परत आला तेव्हा खांद्यावर सागाचे दोन वासे होते. न मिळालेल्या खिडकीच्या चौकटीसाठी आणून ठेवलेले.

"घ्या बाई," तो धापा टाकत म्हणाला, "कुठेतरी लागले म्हणायचे."

तिघांनी मिळून टेकू ठोकले. वरून एकदा कर्रर्र झालं, मग तुळई थांबली. धाकटी भिंतीच्या कडेकडेने जिना उतरली, गाठोडं छातीशी धरून. खाली आल्यावर तिने आधी गाठोडं नीट ठेवलं आणि मग दोघांकडे पाहिलं.

"एकाला खिडकी प्यारी, एकीला भिंत. मी वर आहे हे कुणाच्या ध्यानात होतं?"

मेहुण्याने पहार उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली.

थोरलीने दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं आणि बहिणीच्या घराचं काम स्वतःहून सहकाऱ्याकडे दिलं. मग म्हणाली, "नियम बदलायला हवा."

"तूच लिहिलास ना?"

"म्हणूनच म्हणते. मी प्रत्येक घर रस्त्यावरून पाहिलं, साहेब. आत बसून एकही नाही."

बरीच घासाघीस झाली, पण नियम बदलला. भिंत धड असेल, तर गवंड्याच्या देखरेखीखाली लहान खिडकी चालेल. पाववाल्याला ती मिळाली. शिंप्याला नाही. त्याची भिंत आता धड राहिली नव्हती. ती होती तशीच बंद बांधून घ्यावी लागली. त्याच्यासाठी मागच्या छपरात काचेचा एक तुकडा बसवला आणि मशीन वर गेलं. जिना न झेपणारी जुनी गिऱ्हाइकं सुटली. मेहुणा भांडला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "निळं दिसतं आता."

काम संपल्यावर थोरली तिथे गेली, तेव्हा पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत ती चुन्याच्या सांध्यांवरून बोट फिरवत होती.

"बस की खाली," धाकटी म्हणाली. "भिंत काही पळून जात नाही."

थोरली बसली, आणि लगेच उठून बाहेर गेली. काही वेळाने धाकटीही रस्त्यावर येऊन तिच्याशेजारी उभी राहिली.

"पडली असती तर कुठून पडली असती गं?"

थोरलीने हात वर करून जागा दाखवली. धाकटी त्या जागेकडे बघत राहिली. मग तिने बहिणीचा हात खाली ओढला आणि धरून ठेवला. थोरलीने तो सोडवून घेतला नाही, पण नजर शेजारच्या घराच्या भिंतीवर गेलीच. तिथेही एक दगड थोडा पुढे आल्यासारखा वाटत होता.