बेटाचा करार

चीन आणि जपानच्या ताब्यातला कोरिया यांच्या सीमेवरच्या तुमेन नदीतल्या वाळूच्या बेटावरून चार महिने चिनी आणि जपानी अधिकारी भांडत होते. पुरानं नदीचा प्रवाह सरकला आणि बेट कोणाचं हेच कळेना. चिनी बाजूचा दुभाषा तान शाओवू रोज दोन्हीकडचा राग भाषांतरित करायचा.

"दुभाषेबुवा, ही बोली कुठून उचललीत?" जपानी प्रमुख माएजिमा एकदा हसले. "आमच्याकडची भाजीवाली बोलतेय असं वाटतं!"

त्यांच्याशेजारी बसलेल्या कारकुनानं, कुवाबारानं, मान खाली घातली. ती बोली त्याच्या घरातली होती. जपानात सेंदाईला शिकताना तान चार वर्षं त्यांच्या माडीवर राहिला होता. कुवाबाराच्या बहिणीनं, मित्सुएनं, त्याला बोलायला शिकवलं. निघताना तो तिला म्हणाला होता, "दोन वर्षांत येतो." त्याला आठ वर्षं झाली.

बैठकीत खासगी बोलायला सक्त मनाई होती. दोघं समोरासमोर बसून नुसते कागद सरकवत राहिले.

शेवटी तोडगा निघाला: बेट चीनचं, गवत कापायला मात्र दोन्ही काठांच्या लोकांना मोकळीक. सह्या झाल्या, शिक्के उमटले आणि साहेबलोक दारूकडे वळले. कुवाबारा नावेकडे निघाला, तसा तान त्याच्यामागे धावला.

"मित्सुए कशी आहे?"

"चार महिने वाट बघत होतो, कधी विचारतोस याची," कुवाबारा म्हणाला. "लग्न झालं तिचं. नवरा शाळामास्तर आहे. दोन मुलं आहेत."

"कधी झालं?"

"तीन वर्षांपूर्वी. पाच वर्षं कोणाचं ऐकलं नाही तिनं. आणि तुझं?"

"गावी परतलो तर आईनं मुलगी ठरवूनच ठेवली होती. पत्र लिहायला बसायचो रे. काय लिहिणार होतो?"

"तू इथे भेटलास हे मी तिला कळवलं. तिनं एवढंच विचारलं, नीट जेवतो का म्हणून."

तानला हसू आलं.

"मग काय सांगू तिला?"

"जेवतो म्हणावं."

नाव निघाली. पलीकडच्या काठावर कुवाबारा उतरला, घोड्यावर बसला, टेकडीआड गेला. तरी तान तिथेच उभा होता. मागून त्याच्या साहेबांची हाक आली, "अहो तान, मेजवानी सुरू झाली!"

"आलोच," तो म्हणाला, पण त्याचा पाय काही निघेना.